वीस फुटांचं मत

शैलेशला जपानी भाषेतली साधारण चारशे वाक्यं येत होती आणि त्यातलं एकही रोजच्या उपयोगाचं नव्हतं. 'तुझा अंत जवळ आला आहे', 'हे माझं खरं रूप नाही', 'तुम्ही पुढे पळा, मी यांना अडवतो' अशी सगळी. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघून बघून शिकलेली. त्यामुळे जपानला जायच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी नाव-गाव विचारलं, तेव्हा घाबरून त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते 'या क्षणाची मी हजार वर्षं वाट पाहिली' हे होतं. बाईंनी मान डोलावून काहीतरी लिहून घेतलं. ते काय होतं हे पुढे निकालात कळलं.

भावेश मात्र पास झाला. भावेश म्हणजे पनवेलजवळच्या विचुंब्यातला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. एका मोबाइलवर, एका इअरफोनचं एकेक टोक कानात घालून दोघांनी सहाशे भाग बघितले होते. खरं तर शैलेशने बघितले होते आणि भावेशने शेजारी बसून 'ह्याचे केस असे काय रे?' एवढंच विचारलं होतं. भाषेच्या क्लासलाही तो एसी आहे म्हणून आला होता. आता तो तिकडे एका वृद्धाश्रमात नोकरीला होता आणि महिन्यातून एकदा शीतपेयांच्या मशीनचा फोटो पाठवायचा. शैलेशने एकदा विचारलं, "तिकडे नवीन काय बघतोस?" दोन दिवसांनी उत्तर आलं, "आजोबा लोकांना."

शैलेश राहिला विचुंब्यात. ज्या जमिनीत त्याच्या आज्याने भात लावला, त्या जमिनीवर आता बिल्डिंग होती आणि शैलेश सातव्या मजल्यावर झोपायचा. म्हणजे वडिलोपार्जित शेतातच, फक्त सत्तर फूट वर. दिवसा तो पनवेलला एका फ्लेक्सच्या दुकानात बॅनर बनवायचा.

आणि त्याला मतं होती. एकशे बारा मालिकांवर एकशे बारा मतं. ती तो इंटरनेटवर टाकायचा. मालिकांची मूळ नावं लांबलचक असत, म्हणून मराठी नावं तोच ठेवायचा. 'पुनर्जन्मी कुकर' ही मेलेला योद्धा भाताचा कुकर होऊन परत येतो त्याची गोष्ट. तिच्यावर त्याचं मत असं, की जपानी कुकरला शिट्टी नसते, त्यामुळे शत्रूला धोक्याची सूचनाच मिळत नाही, आणि हे युद्धधर्माला धरून नाही. तारे तीन. 'लोखंडी राक्षस' मध्ये यंत्रमानव दर भागात शहर पाडतात. मत: पाडतात ते ठीक, पण पुढच्या भागापर्यंत बांधतं कोण? आमच्याकडे पाडलं असतं तर तिथे टॉवर उठला असता. तारे दोन. 'दोरीखेच' मध्ये एक दोर ओढायला नऊ भाग लागतात. मत: दोराचा अभिनय चांगला.

एकशे बारा मतांवर तीन वर्षांत एकूण चार प्रतिक्रिया आल्या. तीन जणांनी फॉलोअर वाढवून देऊ का विचारलं. चौथी त्याची स्वतःची होती, चुकून दिलेली.

"तुला पटत नसंल तर भांड की!" तो एकदा भावेशला फोनवर म्हणाला होता. "एकदा तरी म्हण, शैल्या, तू चुकतोयस."

"बरोबर असंल रे तुझं," भावेश म्हणाला. "मी ठेवू का? माझ्या आजोबांना फिरवायचंय."

सगळं त्याचं बरोबरच असायचं. माणसाने एवढं बरोबर असून करायचं काय?

मग त्याने बॅनरवर लिहायला सुरुवात केली. म्हणजे बॅनरवर नाही, घडीत. फ्लेक्सच्या कडेला तीन-चार इंच कोरी पट्टी सोडतात. ती लाकडी चौकटीवरून मागे दुमडायची आणि खिळे मारायचे. समोरून काही दिसत नाही. त्या खालच्या पट्टीत शैलेश फिक्या राखाडी अक्षरांत आपलं मत छापायचा. एकच ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढच्या बाजूला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आणि मागच्या बाजूला यंत्रमानवांवर टीका. पनवेलच्या प्रत्येक नाक्यावर त्याचं लिखाण लागलेलं होतं आणि ते कुणालाही वाचता येत नव्हतं. तेवढ्यावरही त्याला बरं वाटायचं. इंटरनेटवर तरी वेगळं काय होतं?

मार्चमध्ये काशिरामशेठचा वाढदिवस आला. बॅनर वीस बाय दहा. मध्ये शेठ, गॉगल लावून, आणि खाली चौसष्ट शुभेच्छुक. त्यातले दोघे वारले होते, पण फोटो चांगले आले होते म्हणून ठेवले. घडीत शैलेशने एकशे तेरावं मत छापलं आणि बॅनर सुशांतकडे दिला. सुशांत नवीन होता. बॅनर ठोकायला लागून त्याला तीनच दिवस झाले होते.

संध्याकाळी घरी जाताना शैलेशने नाक्यावर वर पाहिलं. सुशांतने पट्टी दुमडलीच नव्हती. शुभेच्छुकांच्या खाली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सरळ दिसत होतं:

'दीपगृहातली मुलगी. भाग चोवीस, तारे दोन. ती रोज दिवा लावते आणि बापाच्या होडीची वाट बघते. मालिका कंटाळवाणी. शेवटच्या भागात ती होडी येतच नाही. तेराव्या भागात भात शिजवते, चौदाव्यात खाते. चोवीस भाग वाया.'

"अरे सुश्या, खालची पट्टी?" त्याने फोन केला.

"मला वाटलं डिझाइन हाय," सुशांत म्हणाला. "उतरवू?"

शैलेशने ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा वाचली. मग म्हणाला, "राहू दे."

नोकरी जाईल, शेठची माणसं येतील, हे त्याला दिसत होतं. त्याने माफीचं भाषण तयार केलं, मराठीत आणि सवयीने जपानीतही. पण दुसरंही एक दिसत होतं. नाक्यावरून रोज हजारो माणसं जातात. त्यातला एक तरी थांबेल. वर बघेल. म्हणेल, 'दोनच तारे?'

अकरा दिवस तो समोरच्या टपरीवर चहा घेऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी एक माणूस बॅनरखाली थांबला, आणि त्याने चपलेतला खडा काढला. पाचव्या दिवशी एका बकरीने कोपरा चाटून बघितला. तिचा चेहरा दोन ताऱ्यांचा होता. आठव्या दिवशी स्वतः काशिरामशेठ आले, बॅनरसमोर उभे राहून फोटो काढून घेतला आणि गाडीत बसून गेले. फोटोत त्यांच्या डोक्यामागे 'कंटाळवाणी' हा शब्द पूर्ण झाकला गेला होता.

बाराव्या दिवशी बॅनर नव्हता. तारीख उलटून गेली की उतरलेला फ्लेक्स ज्याच्या हाताला लागेल त्याचा, अशी रीत आहे. कोंबड्यांच्या खुराड्यावर, मोटरसायकलवर, गवताच्या गंजीवर पनवेलचे अर्धे पुढारी पालथे पडलेले असतात. शैलेशने माफीचं भाषण पुसून टाकलं. ते कुणीही ऐकलं नसतं, आणि ते बऱ्यापैकी जमलं होतं.

एप्रिलच्या एका दुपारी दुकानात सुक्या मासळीचा वास आला आणि त्याच्या मागोमाग एक म्हातारी आली. काठापदराचं हिरवं लुगडं, काखेत पिशवी, कपाळाला घाम.

"बॅनर छापणारा कोन हाय?"

"मी, मावशी. काय छापायचंय?"

"छापायचं नाय. छापलंस ते विचारायला आले." तिने पिशवीतून कागदाची घडी काढली. त्यावर पेनाने उतरवून घेतलं होतं. ती बोट ठेवत वाचायला लागली, "दीपगृहातली मुलगी. भाग चोवीस, तारे दोन..."

शैलेशच्या हातातला माउस तसाच राहिला.

ती उरणजवळच्या मोऱ्याची गुणाबाई. तिचा भाचा महादेव टेम्पो चालवायचा आणि येता-जाता उतरलेले फ्लेक्स गोळा करायचा. काशिरामशेठ त्याने मधोमध कापला. उजवी बाजू टेम्पोवर घातली, डावी मावशीला बोंबील सुकवायला दिली. दुकानाचं नाव आणि पत्ता डाव्या कोपऱ्यात होता. बोंबील पालटता पालटता तिने ती ओळ वाचली होती.

"हितं संपतंय बग," ती म्हणाली. "'शेवटच्या भागात ती होडी'. मंग पुढं? होडी काय? महादेवचा टेम्पो गुजरातला गेलाय. फुडलं अर्धं त्याच्यावर हाय."

"तुम्ही... ही मालिका बघितलीय?"

"तेवीस भाग. माज्या नातीच्या मोबाइलवर, रियाच्या. दोघी बगायचो, जाळी विणताना. मंग ती नर्सिंगला गेली नाशकाला, मोबाइल घेऊन. एक भाग ऱ्हायला."

"पण ती तर जपानीत आहे. कळायचं तुम्हाला?"

"त्यात बोलतंय कोन? पोर दर्याकडं बगत बसलीय. ते मला कळतंय." तिने पिशवी खाली ठेवली. "तू मला सांग. होडी आली का नाय?"

शैलेशने आजवर लोकांनी न विचारताच शेवट सांगितले होते. आता पहिल्यांदाच कुणीतरी उरणहून एसटीने येऊन विचारत होतं, आणि त्याच्याकडे उत्तर होतं, वीस फुटांवर छापलेलं, आणि ते तोंडातून निघेना.

"रियाला फोनवर नाही विचारलंत?"

"फोनवर ती 'जेवलीस का' विचारते. मी 'जेवले' बोलते. मंग ठेवते."

त्याने मालकाची खुर्ची पुढे ओढली. कॉम्प्युटरवर एका सोसायटीच्या वार्षिक सभेचा बॅनर उघडा होता. तो बंद केला आणि चोविसावा भाग लावला. मागे मशीन कुणाच्या तरी बारशाचा फ्लेक्स छापत घरघरत होतं. शाईच्या उग्र वासात बोंबलाचा वास मिसळला. बावीस मिनिटं दोघे बघत राहिले. मुलगी पायऱ्या चढली, दिवा पुसला, दिवा लावला. समुद्रावर काळोख झाला. होडी आली नाही. मुलीने खिडकी लावून घेतली आणि नावं सरकायला लागली.

शैलेशने स्क्रीनवरून नजर हलवली नाही. रडणाऱ्या म्हाताऱ्या बाईला जपानीत काय म्हणायचं हे त्याला माहीत होतं. मराठीत नव्हतं.

"बरं," गुणाबाई म्हणाली. आवाज कोरडा होता. "आता बोल. दोन तारे कशाचे?"

"म्हणजे... चोवीस भाग वाट बघून होडीच येत नाही ना, मावशी. सगळं वाया."

"तिच्या बापाची नाय आली. बाकीच्या?"

"बाकीच्या कुठल्या?"

"ऐकलं का! ह्याला तारे देयाला बसवलाय!" तिने मशीनकडे बघून तक्रार केली. "बाला, दिवा काय एका होडीपुरता असतो? पयल्या भागात ती निळी आली. चवथ्यात म्हातारा-म्हातारीची. आता ह्याच्यात, मागनं बारकीशी लाल गेली, बगितलीस? अकरा होड्या तिच्या दिव्यावर घरी आल्या. मी मोजल्यात. आनि तू बोलतोस वाया. लाज नाय वाटली? तू चुकलास."

शैलेशने तीन वर्षं या वाक्यासाठी वादाची तयारी केली होती. मुद्दे होते, उदाहरणं होती, दोराच्या अभिनयावर एक संपूर्ण परिच्छेद होता. त्यातलं त्याला काहीही आठवलं नाही. तो म्हणाला, "परत म्हणा."

"चुकलास. भैरा पन हायस?"

तिने त्याला पावभर सुकट दिली आणि पदर खोचून उठली. दारापर्यंत तो मागे गेला.

"मावशी, तुमचा नंबर द्या ना. मी परत बघतो आणि कळवतो."

"फोनवर नको. तू पन 'जेवलीस का' विचारशील." तिने स्टँडच्या दिशेला बघितलं. "लिव तू, त्या पट्टीत. महादेवच्या हाताला लागला तर मोऱ्याला येल."

"आणि नाही लागला तर?"

"तर नाय येल," गुणाबाई म्हणाली आणि गेली.

त्या आठवड्यात शैलेशने चोवीस भाग परत बघितले, कागद-पेन घेऊन, शेजारी कुणी नसताना. आईने दारातून डोकावून विचारलं, "कं मोजतंस रे?" तो म्हणाला, "होड्या." सातव्या मजल्यावर. आईने दार हळूच लावून घेतलं.

मग नाक्यावर लावायला पुढचा बॅनर आला. भगवानशेठ, वीस बाय दहा, एकाहत्तर शुभेच्छुक. शैलेशने ओळ तयार केली आणि पहिल्यांदाच अर्धी केली, म्हणजे महादेवने कापला तरी डाव्या बाजूला पूर्ण बसेल:

'गुणाबाई, मोरा. होड्या अकरा नाय, बारा हायत. नवव्या भागात धुक्यात एक हाय, ती तुमी चुकवलीत. तारे साडेचार. अर्धा भातासाठी कापला.'

"सुश्या," तो म्हणाला, "पट्टी दुमडू नकोस."

"डिझाइन हाय?"

"हो."

भगवानशेठचा वाढदिवस होऊन आता सतरा दिवस झालेत. बॅनर अजून तिथेच आहे. समोरच्या टपरीवर शैलेश चहा घेऊन उभा असतो. खाली कोण वाचतंय याकडे त्याचं लक्ष नसतं. तो रस्त्याकडे बघतो, उरणच्या बाजूला, आणि येणारे टेम्पो मोजतो. भावेशचा मेसेज आला होता, नव्या मशीनचा फोटो. शैलेशने त्याला पहिल्यांदाच मालिकेबद्दल काही विचारलं नाही. लिहिलं, "तुझे आजोबा कसे आहेत?"

मेसेजखाली दोन टिक आल्या आहेत. टेम्पो अजून आलेला नाही. काल एक आला होता, पण त्याच्यावर काशिरामशेठ नव्हते.