गुडघ्यापर्यंतचा उजेड

रत्नागिरीत हातात बॅटरी दिसली म्हणून कुणी कुणाला कारण विचारत नाही. पाखाडीच्या पायऱ्यांतल्या दगडांत विषारी फुरसं बसलेलं असतं, वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि शेवटची एसटी चुकली तर कातळाचा उघडा सडा पायी तुडवावा लागतो. तेव्हा शाळामास्तर असो की मिरकरवाड्यातला खलाशी, दिवस कलला की तीन सेलांचं नळकांडं ज्याच्या त्याच्या काखेत येतं. पण चौऱ्याऐंशी सालच्या फाल्गुनात भागोजी भर दुपारी, डोक्यावर ऊन रणरणत असताना, बॅटरी घेऊन बाजारातून जाऊ लागला तेव्हा मात्र लोक हसले. "काय भागोजी, सूर्य हरवला काय?" असं पानवाला रोज विचारायचा. "फुरश्याला काय दिवस आन् काय रात," असं म्हणून भागोजी पुढे निघून जायचा. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि ते सांगण्यासारखं नव्हतंही.

भागोजी टॉकीजच्या दारावर होता. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं आणि अंधारात माणसाला त्याच्या खुर्चीपाशी नेऊन सोडायचं, एवढंच काम. मालकांनी पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं की उजेड गुडघ्याच्या वर न्यायचा नाही. लोक तिकीट काढून अंधारात येतात, त्यांच्या तोंडावर बॅटरी मारणारा माणूस मला नको, असं ते म्हणाले. अकरा वर्षांत भागोजीनं हा नियम एकदाही मोडला नाही, आणि त्यामुळे झालं असं की त्याला गावाची तोंडं कमी आणि पाय जास्त ओळखू येऊ लागले. कुठला सरकारी कारकून बुटातून पाय काढून बसतो, कुठल्या घरची सून सासूला चुकवून मॅटिनीला येते, हे तो टाचेवरून सांगायचा, म्हणजे सांगायचा कसला, मनात ठेवायचा. बॅटरीची काच एकदा पायरीवर आपटून तडकली होती. तेव्हापासून तिच्या उजेडाच्या गोलात मधोमध केसाएवढी काळी रेघ पडायची.

त्याची बायको तुळसा देवरुखाकडची. हमिदाबींच्या घरात मागच्या बाजूला एक खोली घेऊन दोघं राहत. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि टॉकीजवाल्याची बायको असूनही तुळसानं आजवर एक पिक्चर पाहिला नव्हता. "पुढच्या गुरुवारी नेतो," असं तो म्हणायचा. गुरुवार हा पिक्चरचा शेवटचा दिवस, गर्दी नसते. पण तो गुरुवार काही उजाडला नाही. दारावरचा माणूस बायकोशेजारी बसणार कसा, हे सांगायचं कारण. मनातलं कारण निराळं होतं. तुळसा दिसायला चांगली होती, आणि जो माणूस रोज लोकांना अंधारात नेऊन सोडतो त्याला अंधारात काय चालतं ते पुरतं ठाऊक असतं. नळावर ती कुणाशी हसली, बांगडेवाल्याशी घासाघीस करताना किती वेळ उभी राहिली, याचा त्याला मुळापासूनच त्रास व्हायचा. नवरा म्हणून तो वाईट नव्हता. पण एखाद्याला आंबट बाधतं तसं त्याला बायकोचं हसणं बाधायचं.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी तीनच्या खेळाला जेमतेम तीस माणसं होती. पिक्चर सुरू झाल्यावर उशिरा आलेल्या एकाला मागे नेताना भागोजीच्या बॅटरीचा उजेड शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या दोन खुर्च्यांखाली घसरला. तिथे बाईचे पाय होते. पायांत निळ्या पट्ट्याच्या स्लिपर, उजवीचा पट्टा सेफ्टी पिन लावून धरलेला. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट काळं आणि चपटं, वरवंटा पडून ठेचलेलं, आणि त्यामुळे जोडवं त्याच्या पलीकडच्या बोटात घातलेलं. असा पाय जगात एकच होता, आणि रोज सकाळी तो भागोजीच्या चुलीपुढे दुमडून बसलेला असायचा.

शेजारी पुरुषाचे पाय होते.

उजेड आपोआप विझला, म्हणजे त्याचा अंगठा बटणावरून निसटला. इंटरव्हलला दिवे लागले तेव्हा त्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. भागोजी दार तसंच टाकून घराकडे धावला. तुळसा मागल्या अंगणात सांडगे उलटत बसली होती.

"कुठं गेली होतीस?"

"मी कुठं जानार? सकाळपासनं हमिदाबींच्या संगती सांडगे घालतंय."

हमिदाबी दारातूनच म्हणाल्या, "हाय की इथंच. का वो भागोजीभाऊ, एवढे घामाघूम?"

बायका बायकांना सामील असतात, असं भागोजी मनात म्हणाला. खुर्च्या रिकाम्या झाल्यावर धावत घरी येऊन सांडगे उलटायला किती वेळ लागतो?

एरवी बॅटरी रात्री टॉकीजच्या कचेरीत ठेवून जायची असे. त्या दिवसापासून तो ती घरी नेऊ लागला, आणि दिवसाही हातातून खाली ठेवीना. खोलीत चुलीपाशी दुपारीही काळोख असायचा. तुळसा भाकरी थापत असली की तो हळूच बटण दाबायचा आणि उजेड तिच्या पायांवर धरायचा. तेच बोट, तेच जोडवं. तिनं पाय पातळाखाली ओढून घेतले.

"काय बघताय वो?"

"काय नाय. विंचू वाटला."

दुसऱ्या गुरुवारी तो त्या रांगेकडे मुद्दाम गेला. पाय होते. या वेळी त्यानं पुरुषाचे पाय नीट पाहून घेतले. नव्या कोऱ्या, तपकिरी चामड्याच्या सँडल, पितळी बकल, आणि त्या ऐटीत जमिनीवर टेकवलेल्या. भागोजीनं आपल्या झिजलेल्या वहाणांकडे पाहिलं. त्याहून वाईट होता तो वास. त्या दोन खुर्च्यांभोवती सुरंगीच्या फुलांचा गोड, जड वास भरून राहिला होता. बाईच्या केसांत त्याच फुलांचा वळेसर, गजरा माळलेला असणार. भागोजीनं तुळसासाठी सहा वर्षांत फुलाची पाकळी विकत आणली नव्हती. ते त्याला कधी सुचलंच नव्हतं. दुसऱ्याला सुचलं होतं. तो माणूस कोण असेल, यापेक्षा त्याला हे कसं सुचलं, याचाच भागोजीला जास्त हेवा वाटला, आणि त्या हेव्यानं तो आठवडाभर धड जेवला नाही.

तिसऱ्या गुरुवारी त्यानं तुळसाला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप घातलं. हमिदाबी माहेरी गेल्या होत्या, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. किल्ली करगोट्याला बांधली. मग मिरकरवाड्यात जाऊन जाळी विणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून दोर कापायचा चाकू मागून आणला आणि खाकी कोटाच्या उजव्या खिशात टाकला. चाकूचं काय करायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. पण खिशात हात घातला की बरं वाटत होतं.

पिक्चर सुरू झाला. तो मागे गेला, बटण दाबलं. काळ्या रेघेच्या एका बाजूला तिचे पाय होते, दुसऱ्या बाजूला त्याचे.

आता दुसरा कुणी असता तर त्याला त्याच क्षणी कळलं असतं की कुलपाआडची बाई इथे असू शकत नाही. पण संशयाला कुलूप दिसत नाही, त्याला फक्त दुसरी किल्ली दिसते. भागोजीनं उजेड तसाच धरून ठेवला. बाईनं पाय पातळाखाली ओढून घेतले, अगदी चुलीपुढे घेते तसे. आणि पुरुषाचा उजवा पाय थरथरायला लागला. सँडलचं बकल उजेडात लकलक हलत होतं. भिला, असं भागोजीच्या मनात आलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला आनंद झाला. त्याचा उजवा हात खिशात गेला. उजेड घोट्यावरून पोटरीवर आला, पोटरीवरून गुडघ्यापाशी.

"ए, बॅटरी बंद कर," पुढून कुणीतरी खेकसलं.

अकरा वर्षांची सवय. उजेड गेला. दारापाशी येऊन त्यानं कोट काढला आणि खुंटीला अडकवला. अंग घामानं भिजलं होतं. चाकू कोटातच राहिला.

संध्याकाळी कुलूप उघडलं तेव्हा तुळसा भिंतीला टेकून बसली होती. खोलीतला पाण्याचा हंडा रिकामा होता.

"किल्ली कुणी दिली तुला? दर गुरुवारी टॉकीजात शेवटच्या रांगेत कुणाशेजारी बसतेस?" त्यानं विचारलं.

तिनं रिकामा हंडा त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "तुमाला काय झाला, ता मना ठाव नाय. गुरुवारी कोन बाई बघता ता मना दाखवा. पुढच्या गुरुवारी मना घेऊन चला. तुमच्या बाजूला बसवा. मी तुमच्या बाजूला बसलंय म्हटल्यावर दुसरी कोन येती ता बगू." ती रडली नाही. "आनि नाय आली, तर मना माहेराला सोडा. परत बोलवू नका."

भागोजी रात्रभर विचार करत राहिला. बोलणं खोटं काढता येईना. ती त्याच्या हाताशी असली, आणि त्या दोन खुर्च्या त्यांनीच अडवल्या, तर तो माणूस येऊन बसणार कुठे? उभा राहील. तोंड दाखवील. हे त्याला पटलं, आणि सहा वर्षांचा गुरुवार असा एकदाचा उजाडला.

सकाळी तुळसानं त्याच्यापुढे एक खोका ठेवला. हमिदाबींबरोबर सांडगे-पापड विकून साठवलेल्यातून तिनं आणलेलं. "पिक्चरला जायचं, तर चांगलं घाला पायात," ती म्हणाली. खोक्यात तपकिरी सँडल होत्या, पितळी बकलाच्या.

म्हणजे त्याला घेतल्या तशाच मला, असं भागोजी मनात म्हणाला. एकाच दुकानातून, एकाच दिवशी. दात आवळून त्यानं त्या पायात घातल्या. बरोब्बर बसल्या. वाटेत फुलवाल्या बाईपाशी तो एकाएकी थांबला आणि सुरंगीचा वळेसर घेऊन तुळसाच्या हातात कोंबला. त्या माणसानं दिला तर मलाही देता येतो, एवढंच त्याच्या मनात होतं. पण तुळसानं तो केसांत माळला आणि अशी हसली की क्षणभर भागोजीला तिन्ही गुरुवारांचा विसर पडला. मग लगेच वाटलं, त्याच्याकडे बघूनही ती अशीच हसत असेल.

तिकिटाच्या खिडकीत गंगाराम होता. त्यानं तुळसाला पाहून भुवया उडवल्या.

"आज दारावर कोण?" भागोजीनं विचारलं.

"मालकांनी कोणालातरी सांगितलान हाय म्हणे. तू गप पिक्चर बघ. सुट्टी घेतलीस ना?"

दारावर कुणीच नव्हतं. भागोजीनं दोघांची तिकिटं आपल्याच हातांनी फाडली. आत शिरताना त्याची नजर खुंटीकडे गेली. गेल्या गुरुवारपासून तिथे लटकत असलेला खाकी कोट आज नव्हता.

शेवटची रांग, भिंतीकडच्या दोन खुर्च्या. तुळसा भिंतीकडे बसली, तो तिच्या शेजारी. बॅटरी सुट्टीच्या दिवशीही त्यानं घरी ठेवली नव्हती. ती मांडीवर आडवी होती. दिवे गेले. पडदा उजळला तसा तुळसाचा श्वास मोठा झालेला त्याला ऐकू आला. तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. किती वर्षांनी. कुणी आलं नाही, शेजारी कुणी उभं राहिलं नाही, आणि भागोजीला वाटलं की आपण मूर्ख आहोत, नुसते मूर्ख, हिला घरी गेल्यावर तसं सांगायला हवं. त्यानं शब्दही जुळवायला घेतले.

तेवढ्यात रांगेच्या तोंडाशी पावलं वाजली आणि जमिनीवर उजेडाचा गोल पडला. नेहमीच्या वाटेनं, न चाचपडता, तो खुर्च्यांखालून सरकत आला आणि त्यांच्या पायांपाशी थांबला.

भागोजीनं खाली पाहिलं. गोलाच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ होती. एका बाजूला निळ्या पट्ट्याच्या स्लिपर, सेफ्टी पिन, पलीकडच्या बोटातलं जोडवं. दुसऱ्या बाजूला तपकिरी सँडल. त्यानं मांडीवरची बॅटरी चाचपली. ती विझलेली होती आणि गार होती.

तुळसानं पाय पातळाखाली ओढून घेतले. आपला उजवा पाय थरथरतोय, बकल लकलकतंय, हे भागोजीला दिसत होतं, पण तो थांबवता येत नव्हता. त्याला ओरडून सांगायचं होतं, अरे, मी आहे, तिच्याजवळ मीच बसलोय. पण समोरच्या माणसाचा कशाकशावर विश्वास बसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

उजेडामागे खाकी बाही दिसली. दुसरा हात खिशात होता.

पुढून या वेळी कुणी खेकसलं नाही. उजेड घोट्यावरून पोटरीवर आला, गुडघ्यापाशी जरा थांबला, आणि वर सरकू लागला.