बिनमिठाची भाजी

धोंडाबाईंना आपल्या रानभाज्यांच्या ज्ञानाचा भारी गर्व. घोळ, कुर्डू, पाथरी, तांदूळजा. गोदाकाठी काय उगवतं आणि कशात किती लसूण पडतो, ते त्यांनाच विचारावं. त्यांचा मुलगा सावळीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. तिथल्या वसाहतीतल्या बायका पालेभाजी घेऊन त्यांच्याच ओट्यावर यायच्या, ही खायची की फेकायची ते विचारायला. धोंडाबाई निकाल द्यायच्या आणि वर चार शब्द ऐकवायच्या.

त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात मात्र त्यांच्या सुनेपुढं, शकूपुढं, हे सगळं ज्ञान थिटं पडलं. शकूला तिसरा महिना लागला होता आणि पोटात अन्न ठरत नव्हतं. आदल्या वर्षी असंच तिसऱ्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरतंय. काहीही करा, पण खायला घाला." धोंडाबाईंनी खिरीपासून ठेच्यापर्यंत सगळं करून पाहिलं. शकू निमूट घास घ्यायची आणि मोरीकडे धावायची. काय खावंसं वाटतं म्हणून विचारलं, की म्हणायची, "काही नको, आई."

हे "काही नको" धोंडाबाईंच्या जिवाला लागायचं. पोरगी अलिबागकडची, मनमाडला रेल्वेत असलेल्या तिच्या मामानं जुळवलेलं स्थळ. दोन वर्षांत तिनं या घरात साधं टिकलीचं पाकीट मागितलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात धोंडाबाई टायफॉईडनं पडल्या, तेव्हा सख्ख्या भावाचं लग्न सोडून ती उशाशी बसली, चमच्याचमच्यानं पेज पाजली आणि त्या लग्नाचा विषय पुन्हा काढला नाही. त्या पेजेवर आपण जगलो, हे धोंडाबाई येईल त्याला सांगायच्या. शकूला तेवढं कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी शेजारच्या आक्काबाईंनी फोडलं. "तुमची सून नळावर म्हणत व्हती, मोरसाची भाजी मिळाली तर पोटात राहील म्हणून. तिकडं समुद्राकडं उगवती म्हणं."

मोरस! धोंडाबाईंनी नावही ऐकलं नव्हतं, पण तसं कबूल करतील तर त्या धोंडाबाई कसल्या! "पानं जाड, रसाळ असत्यात ना? मग आपली घोळच की ती," म्हणत त्यांनी गोदाकाठून ओटीभर घोळ खुडून आणली. शकूनं एक घास घेतला. "हो आई, अशीच असते," म्हणाली आणि मोरीकडे धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं धोंडाबाई अलिबागकडे निघाल्या.

माहेरच्या दारात विहीणबाईंना एकट्याच पाहून शकूच्या आत्यानं "जयभीम" म्हणता म्हणताच "शकू बरी हाय ना?" म्हणून विचारलं. सांगावा न धाडता इतक्या लांबून कुणी आलं, म्हणजे बातमी वाईटच असणार. खरं काय ते कळलं तशी ती हसत सुटली आणि त्यांना खाडीकाठच्या खाजणात घेऊन गेली. चिखल गुडघ्याएवढा. धोंडाबाईंची एक चप्पल त्यात गेली ती गेलीच. त्या खाऱ्या चिखलात गवतासारखी बारीक, पण पाण्यानं फुगलेली पानं होती, आणि सगळ्या वसाहतीला भाजी ओळखून देणाऱ्या बाईला यातली मोरस कुठली न् तण कुठलं, काही कळेना. आत्यानं हात धरून दाखवलं. लाल पडलेली घ्यायची नाही, हिरवे कोवळे शेंडे तेवढे खुडायचे. घरी नेऊन उकळायचे, पाणी पिळून टाकायचं.

"आणि विहीणबाई, मीठ घालायचं नाय हां. दर्यानं आधीच घातलंय."

"मला काय येडी समजलात?" धोंडाबाई म्हणाल्या. "लय भाज्या केल्यात मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओल्या फडक्यात बांधलेली मोरस घेऊन, आत्याच्या चपला घालून घरी परतल्या. पदर खोचून लगेच स्टोव्ह पेटवला. पाला उकळला, पिळला, कांदा-लसूण-मिरचीवर टाकला. आणि चाळीस वर्षांच्या सवयीचा हात मिठाच्या बरणीत जाऊन भाजीवरून फिरला. काय केलं ते चव घेतल्यावर कळलं.

धोंडाबाई मटकन खाली बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. आवाज ऐकून आक्काबाई धावत आल्या. "रडून काय व्हनार? बिनमिठाची डाळ शिजवून घाला." घातली. खारट. उकडलेले बटाटे घातले. तरी खारट. कढई काठोकाठ भरली, तेव्हा आक्काबाईंनी आपलं मोठं पातेलं आणलं. पुन्हा डाळ, पुन्हा बटाटे. एकीसाठी केलेली भाजी वीस जणांना पुरेल एवढी झाली. मग काय, घराघरांतून भाकऱ्या आल्या आणि ओट्यावर पंगतच बसली.

शकू उंबऱ्याशी बसली. तिनं घास घेतला, तसे धोंडाबाईंचे डोळे मोरीच्या वाटेला लागले. शकू उठली नाही. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. अर्धी भाकरी संपली, तशी धोंडाबाईंना राहवेना.

"पोरी, तुझ्या त्या पेजेवर जगले मी. तुला कधी बोलले नाय."

शकूनं मान खाली घातली. भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला.

"आई."

"काय गं?"

"जरा मीठ देता? कमी पडलंय."

ओट्यावर एकच हशा पिकला. धोंडाबाई हसल्या नाहीत. दोन वर्षांत पोरीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे काही मागितलं होतं. डोळे पुसत त्या उठल्या आणि मिठाची अख्खी बरणीच तिच्यापुढे आणून ठेवली.