सुंदराची वीत

भगीरथने माउसने रेघ पकडली आणि चौथ्यांदा खोडून टाकली. मागच्या बाकावरच्या दोन मुली तोंडावर रुमाल धरून हसल्या. शहापूरच्या त्या कॉम्प्युटर क्लासात सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात हा एकटा एकसष्ट वर्षांचा, वीज मंडळातून रिटायर झालेला लाइनमन.

"आता काय झालं, काका?" दिपिका मॅडमनी विचारलं. त्या आसनगावच्या. त्याच्या मुलीच्या वयाच्या.

"भांड्यांची मांडणी वाशाला लागते. बघ ना."

त्याने चष्म्यासाठी खिसा चाचपला, मग टेबल चाचपलं.

"डोक्यावर आहे, काका."

चष्मा डोळ्यांवर घेऊन तो पुन्हा स्क्रीनकडे वळला. स्वयंपाकघराची भिंत त्याने बरोबर काढली होती, जमिनीपासून वाशापर्यंत सहा फूट दोन इंच. अंदाज यावा म्हणून मॅडमनी भिंतीपाशी एक माणूसही उभा केला होता, भगीरथच्याच उंचीचा, पाच फूट आठ. मांडणी त्या माणसाच्या डोक्यावरून, वाशातून पार कौलांबाहेर गेली होती.

"मापं कुणी दिली?"

भगीरथने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. २००२ च्या कॅलेंडरचं पान, मागच्या बाजूने पेन्सिलीने लिहिलेलं. त्याची बायको सुंदरा दवाखान्यात होती तेव्हा तिने सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. पिठाच्या डब्याला दोन वीत. मिठाच्या बरणीला एक. हंड्याला तीन. मांडणीसाठी माळ्यावर फणसाच्या फळ्या तिनेच तीन वर्षं सुकत ठेवल्या होत्या. शेवटची ओळ होती, साडेआठ विती उंचीवर एक लहान कप्पा, एक वीत रुंद, अर्धी वीत उंच.

"एवढ्या वर काय ठेवणार?" त्याने तेव्हा विचारलं होतं.

"तुमी लिवा गुमान. झाली की कळंल."

त्याला वाटलं, ताप बोलतोय. पंधरा दिवसांनी ती गेली.

लखमा सुतार मापं वाचूनच म्हणाला होता, "बाबा, हे बसत नाय. शेवटचं कापून टाक." भगीरथ तयार झाला नाही. फळ्या मोजक्या होत्या. एक चुकीची कापली गेली असती तर तसल्या पुन्हा कुठून आणणार? पडघ्याच्या एका दुकानात त्याने कॉम्प्युटरवर काढलेला कपाटाचा नकाशा पाहिला होता. त्यात चुकलं तर खोडता येतं, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं. तेव्हापासून दर सोमवारी सरळगावहून किन्हवलीमार्गे एसटीने तो इथे येत होता.

"वितीला किती धरलंत?" मॅडमनी विचारलं.

"नऊ इंच. वीत म्हंजे वीत."

त्याने टेबलावर हात पसरून दाखवला. मॅडमनी त्याच्या शेजारी आपला हात पसरला आणि पट्टी ठेवली. पावणेआठ.

"कुणाची वीत, काका?"

भगीरथने हात उचलला नाही. त्या दोन हातांकडे बघत बसला. छत्तीस वर्षं सुंदराने पान वाढलं, आणि तिचा हात केवढा होता हे त्याला सांगता येत नव्हतं.

घरी पोचल्यावर तो चपला न काढताच स्वयंपाकघरात गेला. स्वयंपाक आता गॅसवर व्हायचा, पण कोपऱ्यातली चूल त्याने काढू दिली नव्हती. सुंदराने ती आपल्या हाताने घातली होती. माती थापताना बोटं ताणून चुलीचं तोंड मोजायची आणि म्हणायची, "एक वीत बास. जास्त ठेवलं का मेली लाकडं खाते." भगीरथ गुडघ्यांवर बसला. आतली राख बाजूला केली, टेप लावला. साडेसात. दुसरीकडून लावला. साडेसातच.

पुढच्या सोमवारी त्याने आकडा सांगितला. मॅडमनी फक्त मांडणी निवडून वितीचा नवा आकडा टाकला, भिंत आणि माणूस तसेच ठेवले.

"आता एंटर तुम्ही दाबा."

त्याने दाबलं. सगळी मांडणी एकदम खाली आली. कौलांतून सुटली, वाशांखाली उतरली आणि भिंतीला बेताची होऊन उभी राहिली. वर साडेसहा इंच मोकळे.

"बसली की हो!" मॅडम म्हणाल्या. "आणि तो वरचा कप्पा कुठे आला बघा."

तो लहान कप्पा त्या पाच फूट आठच्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर आला होता.

भगीरथचा हात डोळ्यांवरच्या चष्म्याकडे गेला. रोज सकाळी सुंदरा कुठून तरी त्याचा चष्मा शोधून आणायची. कधी पाण्याच्या ओट्यावरून, कधी गोठ्यातून. हातात देताना म्हणायची, "खांबावरची तार सापडते, घरातला चष्मा सापडत नाय."

"एवढाच कप्पा कागदावर निघंल?" त्याने विचारलं. "आहे त्या मापात?"

"एकास एक? निघेल ना."

प्रिंटरमधून कागद बाहेर आला. त्यावर नुसता एक लांबट चौकोन. भगीरथने चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि चौकोनात ठेवला. चारही बाजूंनी थोडी थोडी जागा उरली.

मॅडम वाकून बघत होत्या. कागद बघून झाल्यावर त्यांनी भगीरथकडे पाहिलं, आणि मग उगाच प्रिंटरचा ट्रे सरळ केला.

"लखमाला उद्याच बोलावतो," तो म्हणाला. कागदांची सुरळी काखेत घेऊन तो जिना उतरू लागला. किन्हवलीची गाडी सुटायला दहाच मिनिटं होती.

"काका! ओ काका!"

मॅडम वरून कठड्यावर वाकल्या होत्या. त्यांच्या हातात चष्मा होता.

भगीरथने कपाळावर हात मारला आणि चार पायऱ्या परत चढला.

"मांडणी होऊ दे, पोरी," चष्मा घेत तो म्हणाला. "मग नाय विसरायचा."