अकरा पानांचा परिचय

पाणीपुरवठा कार्यालयातून कुणीही निवृत्त झालं, मग तो मीटर वाचणारा असो की मुख्य अभियंता, निरोपाच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या सभागृहात त्याचा परिचय वाचला जायचा. आणि तो लिहायचा मान एकतीस वर्षं एकाच माणसाकडे होता, आस्थापना विभागाच्या हेडक्लार्ककडे. त्यांच्या माघारी सगळे त्यांना ‘प्रस्तावना’ म्हणत. पंखा बंद पडलाय एवढं सांगायचं असलं तरी ते आधी खेळत्या हवेचे फायदे सांगायचे. मुद्द्यावर येईपर्यंत ऐकणारा घामाने भिजलेला असायचा.

परिचयाचा नमुना त्यांनीच ठरवलेला. एक पान, चार रकाने. शिक्षण, नोकरी, प्रवास, छंद. माणसाचं आयुष्य या चार कप्प्यांत बसतंच, असं त्यांचं ठाम मत, आणि बसत नसेल तर बसवायचं. बहिणीकडे दोन दिवस राहून आलेल्याला प्रवासाची ओढ असायची. टेबलावर डोकं ठेवून झोपणारा चिंतनशील, आणि सगळ्यांशी भांडून बसलेला स्पष्टवक्ता. 

त्यातली त्यांची सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे परिचयातून नावच काढून टाकणं. पूर्वी एकदा एका साहेबांनी भलत्याच माणसाच्या नावाने गहिवरून निरोप दिला होता. तो बिचारा बारा वर्षं नोकरी शिल्लक असताना धाय मोकलून रडला. तेव्हापासून नाव बाद. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फक्त ‘आपले सत्कारमूर्ती’. साहेब दर दोन वर्षांनी बदलायचे, त्यांना कोण कुठला हे ठाऊक नसायचं. फुलांचा गुच्छ ज्याच्या मांडीवर, तो सत्कारमूर्ती, एवढं कळलं की काम झालं.

आता हेडक्लार्क स्वतःच निवृत्त होणार होते. इतरांचं आयुष्य एका पानात मावलं. यांचं मात्र अकरा पानांतही हातपाय दुमडून बसवावं लागलं.

शाळांनाच अडीच पानं लागली. वडील पूल बांधणारे मिस्त्री. पूल झाला की बिऱ्हाड हललं, बिऱ्हाड हललं की शाळा बदलली. अशा पाच शाळा. त्यामुळे वाटेत वाघ भेटलेल्या प्रवाशाचा धडा त्यांनी तीन गावांत तीनदा अर्ध्यापर्यंत वाचला होता. त्या प्रवाशाचं पुढे काय झालं हे त्यांना साठाव्या वर्षीही ठाऊक नव्हतं. परिचयात त्यांनी लिहिलं, ‘विविध शिक्षणसंस्थांचा अनुभव’. मग नोकऱ्या. बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजायची, ती वितळत्या मालाच्या हिशेबावरून सुटली. फोटो स्टुडिओच्या फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतली, ती ‘बघू या’ म्हणून दार उघडल्यामुळे सुटली. मग मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या कचेरीतली. प्रवासात नऊ दिवसांचं परदेशातलं प्रशिक्षण होतं. दुसऱ्याच दिवशी पोट बिघडलं आणि उरलेले सात दिवस हॉटेलच्या खोलीत गेले. त्याचं झालं ‘तेथील पाणी व सांडपाणी व्यवस्थेचा अत्यंत जवळून अभ्यास’. छंदांत बासरी, दुर्बीण, आणि पत्रातून बुद्धिबळ. एका अनोळखी माणसाशी त्यांचा एक डाव सहा वर्षं चालला. एका कार्डावर एक चाल. मग पलीकडून कार्ड येणंच बंद झालं. डाव कुणी जिंकला, यावर त्यांनी दीड पान खर्च केलं होतं.

पण हे सगळं कशासाठी? साहेबांसाठी नव्हे. सहकाऱ्यांसाठीही नव्हे. चौतीस वर्षांच्या संसारात बायकोने त्यांचं एक वाक्य पूर्ण ऐकलं नव्हतं. ते ‘मी आठवीत असताना’ म्हणाले की कुकरची शिट्टी व्हायची. ‘बर्फाच्या कारखान्यात एकदा’ म्हणाले की दूधवाला यायचा. तिचा दोष नव्हता. त्यांची वाक्यंच अशी लांबलचक, की मध्ये दोन पाहुणे येऊन चहा पिऊन जात. पण सभागृहात गॅसवर काही ठेवलेलं नसतं. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईला उठून जाता येत नाही. एकदा तरी तिने शेवटपर्यंत ऐकावं, तेही साहेबांच्या तोंडून, एवढीच त्यांची इच्छा होती. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, “वाचून दाखवू का थोडं?”

“उद्या ऐकणारच आहे की,” ती म्हणाली. “एकच जेवण दोनदा कशाला वाढायचं?”

समारंभाला साठ माणसं जमली होती. चहा, बिस्किटं आणि चाकांची बॅग अशी भेट. ही बॅग प्रत्येक निवृत्ताला मिळायची, कारण कॅशियरच्या मेहुण्याचं बॅगांचं दुकान होतं. पहिल्या रांगेच्या टोकाला चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले स्टोअरकीपर येऊन बसले होते. त्यांना अशा कार्यक्रमांचं कुणी आमंत्रण द्यायचं नाही आणि ते एकही चुकवायचे नाहीत.

घोटाळा झाला तो पुठ्ठ्याच्या फायलीत. हेडक्लार्कनी अकरा पानं टाचणी लावून वर ठेवली होती आणि त्यांच्याखाली नमुन्यादाखल एक जुना एकपानी परिचय. नमुना त्यांनीच ठरवलेला, चारही रकाने तोंडपाठ. पण समोर नमुना असल्याशिवाय त्यांचा पेन उठायचा नाही. नव्या साहेबांनी फाइल उघडली, अकरा पानं बघितली, घड्याळ बघितलं. त्यांना साडेचारला दुसरी बैठक होती. मग खालचं एकच पान दिसलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘वा, सारांशही जोडलाय,’ असं मनात म्हणून त्यांनी ते पान उचललं आणि घसा साफ केला.

“आपले सत्कारमूर्ती हे गावच्या एकाच शाळेत शिकले.”

हेडक्लार्क दचकले. चार शाळा गेल्या कुठे? साहेबांनी काटछाट केली असेल, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

“शिक्षणानंतर आपल्या सत्कारमूर्तींनी दोन वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून काम केलं. चाळीस खलाशांचा स्वयंपाक ते एकहाती सांभाळत.”

शेजारून बायको वाकली.

“अहो, तुम्ही जहाजावर कधी होता?”

“नव्हतो.”

“मग हे काय वाचतायत?”

“अगं, हळू बोल. सगळे बघतायत.”

“चाळीस माणसांचा स्वयंपाक! चहा करताना दूध उतू घालवता तुम्ही.”

उठावं आणि सांगावं, असं त्यांना दोनदा वाटलं. पण सभागृहाच्या दारावर सूचना चिकटवलेल्या होत्या, त्यातली चौथी अशी की परिचय चालू असताना सत्कारमूर्तींनी मान खाली घालून विनम्रपणे बसावं. सूचना कुणी लिहिल्या होत्या हे सांगायला नको. त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी त्यांना अकरा बंदरं फिरवून आणली. छंदाशी आले. “पोहणे. खोल पाण्याचं आपल्या सत्कारमूर्तींना कधी भय वाटलं नाही.” एकतीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढून हेडक्लार्क घोट्याच्या वर पाण्यात उतरले नव्हते. टाकीची पाहणी असली की ते काठावरून नोंदी लिहायचे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. साठ माणसं ऐकत होती. त्यातल्या निम्म्यांनी त्यांच्याबरोबर रोज डबा खाल्लेला. कुणाचीही भुवई वर गेली नाही. कडाडून टाळ्या पडल्या. पान फायलीत टाकून साहेब बैठकीला गेले.

टायपिस्टबाई डोळे पुसत आल्या. “सर, इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसले मी, एका शब्दाने बोलला नाहीत!”

“नाही, म्हणजे त्याचं असं झालं की...” हेडक्लार्कनी प्रस्तावना सुरू केली. बाई बिस्किटांकडे गेल्या.

मीटर विभागातला एक जण म्हणाला, “तरीच! तुमची चाल बघून मला वाटायचंच, हा माणूस समुद्रावर राहिलेला आहे.”

“अहो, पण मी...”

“मोठेपणा आहे तुमचा!”

तिसरा आला तो कॅशियर. “एक सांगा, चाळीस माणसांच्या भाजीला मीठ किती लागतं हो?”

आता हेडक्लार्कना काय झालं देव जाणे. एकतीस वर्षांत या कॅशियरने त्यांना पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता आणि उत्तरासाठी थांबलाही होता. “अंदाज,” ते म्हणाले. “सगळा हाताचा अंदाज. लाटा असल्या की थोडं कमीच टाकायचं.”

बायकोने कपाळाला हात लावला. कॅशियर मात्र समाधानाने मान डोलवत गेला.

मग स्टोअरकीपर आले. डोळे लकाकत होते. “काय योगायोग बघा, मीही जहाजावर होतो! स्वयंपाकीच! कधी बोलला नाहीत ते? कुठलं जहाज तुमचं?”

हेडक्लार्कच्या तोंडातलं मीठ तोंडातच राहिलं. त्यांना ते पान आता नीट आठवलं. कुणाचं होतं, कधी लिहिलं होतं, सगळं.

“अहो,” बायको म्हणाली, “सांगा, कुठलं जहाज?”

“जहाज तुमचंच,” हेडक्लार्क म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते प्रस्तावनेशिवाय बोलले. “परिचय तुमचा होता. साहेबांनी चुकून तुमचं पान वाचलं.”

स्टोअरकीपरनी स्वतःकडे बोट केलं. “माझा? पण माझ्या वेळी...”

“तुमच्या वेळी हाच वाचला होता. तुम्ही समोर बसला होता.”

“बसलो होतो. पण ऐकत कुठे होतो?” स्टोअरकीपर खुर्चीवर टेकले. “चारचौघांत रडू येऊ नये म्हणून पंख्याची पाती मोजत होतो. आत्ता ऐकताना वाटलं, काय माणूस आहे! आपणही असं काहीतरी करायला हवं होतं.” मग त्यांनी विचारलं, “ते खोल पाण्याचं... ते माझ्याबद्दल लिहिलंत तुम्ही?”

“तुम्हीच सांगितलं होतं. स्टोअरमध्ये, नळांच्या तोट्या मोजता मोजता.”

“आणि तुम्ही लक्षात ठेवलंत.”

हेडक्लार्कनी फायलीतून ते पान काढून त्यांच्या हातात दिलं. स्टोअरकीपरनी ते चार घड्या घालून आतल्या खिशात ठेवलं, लगेच परत काढलं, उलगडलं, चष्मा लावला.

“आणि तुमचा परिचय?”

“अकरा पानं आहे.”

“मग वाचा की. मला कुठे जायचंय?”

शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. त्या खडखडाटात हेडक्लार्कनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या शाळेचं वर्णन चांगलं रंगलं. दुसऱ्या शाळेच्या फाटकाशी स्टोअरकीपरची हनुवटी छातीवर टेकली. बायको तेवढी टक्क जागी होती आणि शिट्टी, दूधवाला, पाहुणे यातलं काही मदतीला येत नव्हतं.

“‘अत्यंत जवळून अभ्यास’ म्हणजे?” ती मध्येच म्हणाली. “खोलीतून बाहेर पडला नव्हता तुम्ही. रोज फोन करून विचारत होता, केळं खाऊ का म्हणून.”

“लिहिताना थोडं वाढवावं लागतं.”

“आणि बासरी? चौथ्या दिवशी माळ्यावर गेली.”

“सुरुवात तर केली होती!”

“सुरुवातीच केल्यात हो जन्मभर,” ती म्हणाली, पण आवाज चढला नव्हता. “तो बुद्धिबळवाला मात्र खरा. त्याच्या कार्डाची वाट बघत दारात उभे राहायचात. मला कळायचं ते.”

हेडक्लार्क वाचायचे थांबले. तिला कळायचं, हे अकरा पानांत कुठेच नव्हतं.

“साहेब, हॉल बंद करायचाय,” शिपाई म्हणाला.

तिघं खाली उतरले. स्टोअरकीपर आपलं पान वाचत वाचत, खांबाला धडकता धडकता वाचत, डावीकडच्या रस्त्याला लागले. निरोप घ्यायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. बायकोने नवी बॅग ओढत आणली. “ही ठेवायची कुठे? बासरीशेजारी?”

तिने वळून पाहिलं. हेडक्लार्क कोपऱ्यावर, बंद दुकानासमोरच्या फरशीवर थबकले होते. मान तिरकी, एक कान जमिनीकडे. हे तिच्या ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या फेरफटक्यापासून हा माणूस असा भर रस्त्यात थांबायचा, जमिनीला कान लावायचा आणि म्हणायचा, इथे खाली पाइप गळतोय. दुसऱ्या दिवशी खोदलं की गळती तिथेच सापडायची. खात्यातले लोक यंत्रं घेऊन हरले की संध्याकाळी गुपचूप घरी येत आणि यांना घेऊन जात. नोंद कधीच झाली नाही. हेडक्लार्कने रस्त्यावर कान लावावा हे नियमात बसत नव्हतं.

“येतोय आवाज?” तिने विचारलं.

“येतोय. बारीक आहे.”

“हे लिहिलंय का अकरा पानांत?”

“छे. नमुन्यात तसा रकाना नाही.”

“मग काढा रकाना. निवृत्त झालात ना? आता कुणाची परवानगी हवीय?” तिने बॅग रस्त्यावर आडवी टाकली. “घ्या टेबल. लिहा. मी थांबते.”

ते गुडघे मोडून बॅगेपाशी बसले. शेवटचं पान पालथं केलं. सवयीने लिहिलं, ‘आपले सत्कारमूर्ती’. खोडलं. खाली लिहिलं, ‘मी’. आणि पेन तसाच अधांतरी धरून राहिले. येणारेजाणारे वळून बघत होते.

“पुढे?” बायको म्हणाली.

“थांब गं,” ते म्हणाले आणि फरशीला कान टेकवला. “आधी ऐकू दे.”