सप्त्याची बॅटरी

जगात सातत्यापेक्षा मोठी शक्ती नाही. बळ काय, येतं आणि जातं. जो टिकतो तोच शेवटी ओढून नेतो.

हे वाक्य मी कुरुंद्याच्या मारुतीच्या देवळात, एका जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे बघून बोललो होतो. बॅटरीने मान डोलावली नाही. संतरामने डोलावली. म्हणून आज मी त्याच्या जीपमध्ये दोन्ही पायांनी ब्रेक दाबून, कठडा नसलेल्या विहिरीकडे तोंड करून बसलो होतो.

संतरामने यंदा जीपच्या तोंडाला विंच बसवली. विंच म्हणजे बॅटरीवर फिरणारी चरखी. तिचा पोलादी दोर चिखलात रुतलेल्या वाहनाला अडकवायचा, बटण दाबायचं, की ती दोर गुंडाळत वाहन ओढून आणते. तिच्यासाठी आखाडा बाळापूरच्या बॅटरीवाल्या धर्मसिंगने त्याला नवी बॅटरी दिली आणि बजावलं, "संतरामजी, ये झटके की बॅटरी है. विंच को एकदम ताकद लगती. इन्व्हर्टरवाली मत लगाना, वो आहिस्ता आहिस्ता देती."

संतरामने ती आणून देवळातल्या बॅटरीशेजारी ठेवली आणि त्याचा चेहरा उतरला. देवळातली चांगली उंच, सहा बुचांची. नवी तिच्यापुढे लेकरू दिसत होती.

"देवा," तो म्हणाला. आमचं घराणं मारुतीच्या पूजेतलं, म्हणून गाव मला देवा म्हणतं. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. "देवा, तुमच्या बॅटरीनं गेल्या साली अख्खा सप्ता काढला. लाईट गेली तरी भोंगा बंद न्हाई पडला. हिच्यात दम हाय."

तेव्हा मी सातत्याबद्दल ते वाक्य बोललो. लगेच नवी बॅटरी मारुतीला अर्पण झाली आणि जुनी जीपमध्ये गेली. गावाने त्याला भक्ती म्हटलं. स्वार्थ आणि भक्ती एकाच पोत्यात इतकी नीट बसलेली मी क्वचित पाहिली आहे.

मग हनुमान जयंतीचा सात दिवसांच्या अखंड नामाचा सप्ता बसला, अवकाळी कोसळला, तारा तुटल्या आणि गावातली लाईट गेली. नव्या बॅटरीवर देवळातला भोंगा चालू राहिला. त्यातच संतरामचे जावई वैजनाथ साखऱ्याहून आले.

आमच्याकडे जावई ही बाजेवर बसवून खाऊ घालायची गोष्ट आहे. त्याला काम सांगत नाहीत आणि तोही काही मागत नाही. वैजनाथ तर दुधात न्हालेला सज्जन. सकाळपासून आशाबाईंनी, म्हणजे त्याच्या सासूने, तीनदा चहा पुढे केला आणि त्याने तीनदा "राहू द्या मामी" म्हटलं. शेवटी नुसतं बसून तोच लाजला. "हळद शिजवायचा कुकर आणायचा हाय ना? ट्रॅक्टर मी काढतो," म्हणाला. जावयाने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. संतराम नाही कसं म्हणणार?

ट्रॅक्टरची बॅटरी कधीच मेलेली. म्हणून तो शेतात उतारावर उभा असायचा. ब्रेक सोडायचा, घरंगळू द्यायचा, की चालू. कोरड्या जमिनीत ही युक्ती उत्तम आहे. काळ्या चिखलात ट्रॅक्टर चालू झाला नाही, नुसता घसरला. त्याची पुढची चाकं विहिरीच्या काठावर येऊन थांबली.

"जावईबापू, उडी मारा हो!" आशाबाई ओरडल्या.

"न्हाई मामी. ब्रेकवरचा पाय काढला की ट्रॅक्टर गेलं."

"जाऊ द्या की मेल्याला!"

"मामाचं हाय."

दुसरा कोणी असता तर संतरामने त्याच्या सात पिढ्या विहिरीत घातल्या असत्या. इथे त्याने हात जोडले. "जावईबापू, तकलीफ माफ करा. पर तुमी उतरले तर लई बरं व्हईल."

"तुमी तकलीफ घेऊ नका मामा. मी बरा बसलोय."

त्याच क्षणी पुढच्या चाकाखालचं ढेकूळ सुटलं. ते पाण्यात पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

जीप ट्रॅक्टरच्या मागे, चढावर आणली. विंचचा दोर ट्रॅक्टरच्या मागच्या आकड्यात अडकवला.

"देवा, तुमी जीपमधी बसा. हिला हँडब्रेक न्हाई."

"संतराम, मला जीप चालवता येत नाही."

"चालवायची कुठं हाय? थांबवायची हाय."

मी बसलो. समोरच्या काचेतून मला वैजनाथची पाठ दिसत होती आणि त्याच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं. तो काहीच नसलेला भाग म्हणजे विहीर.

"जावईबापू, ब्रेक सोडा!" म्हणत संतरामने बटण दाबलं. वैजनाथने आज्ञाधारकपणे पाय काढला. दोर ताणला गेला, चरखी हुंकारली. मग तिचा हुंकार कण्हण्यासारखा झाला. आत कुठेतरी टकटकटक वाजलं, जीपचे दिवे लालसर होत विझले आणि चरखी थांबली. सप्ताभर टिकणाऱ्या बॅटरीला हा एक क्षण टिकता आला नाही. ट्रॅक्टर मागे आला नाही. त्याच्या ओढीने जीप मात्र निघाली. हळूहळू, सातत्याने, खाली.

"देवा, ब्रेक!"

"दाबलाय!" मी ओरडलो. चाकं फिरत नव्हती, पण जीप चालली होती. चाकांना थांबवणं आणि जीपला थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या वयात कळलं. वैजनाथने पुन्हा ब्रेकवर पाय मारला, तेव्हा दोन्ही वाहनं कशीबशी थांबली. एका दोराला आम्ही दोघं बांधलेले. एक गेला की दुसरा मागोमाग. ट्रॅक्टरचं पुढचं एक चाक आता अर्धं हवेत होतं.

"त्या धर्मसिंगची बॅटरी कुठं हाय?" आशाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"देवळात. भोंग्याला."

आशाबाई माझ्याकडे वळल्या. मी सप्ता समितीचा अध्यक्ष. भोंग्यात खंड पडू नये यासाठी मी पोरांना दम भरलेला, बिघाड झाला तर कोणी काय करायचं तेही नेमून दिलेलं.

"देवा, भोंगा बंद करू का?"

"पळा," मी म्हणालो.

शेजारच्या पोरीची स्कूटी घेऊन त्या गेल्या. आम्ही तिघं तसेच. शेतापलीकडून भोंगा ऐकू येत होता, "रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी". तो वाजतोय तोवर बॅटरी देवळातच आहे, हा साधा हिशेब होता. ब्रेकवरचे पाय मी आणखी रेटले. पायात गोळा आला तर? घाम डोळ्यांत गेला, पण पुसायचा धीर होईना. हात हलवला तर पाय हलेल असं वाटत होतं. नाम थांबावं म्हणून मी मारुतीची प्रार्थना करत होतो. मारुतीला हा अर्ज नवीन असावा.

"रामकृष्ण ह..."

आणि एकदम शांतता.

ट्रॅक्टरवरून, मान न वळवता, वैजनाथने विचारलं, "मामा, सप्ता थांबला?"

"भोंगा थांबला, जावईबापू."

"काहून?"

"तुमच्यासाठी."

"देवाला उगं तकलीफ," वैजनाथ म्हणाला.

आशाबाई पायांत बॅटरी ठेवून आल्या. खांद्यावर म्हशीची साखळी होती. ती त्यांनी जीपच्या मागे अडकवून बांधावरच्या बाभळीला गुंडाळली. हे आधी कोणाला सुचलं नव्हतं. संतराम बॅटरी जोडायला लागला. घाईत पाना निसटून ठिणगी उडाली आणि माझा पाय उडता उडता राहिला.

"जावईबापू, ब्रेक सोडा!"

"न्हाई मामा."

"सोडा हो. बॅटरी बदलली."

"मघाशी सोडला तवा पुढं गेलं. मी न्हाई सोडत."

संतरामने बटण दाबलं. चरखी गुरगुरली, दोर वाजायला लागला, बाभळीची साखळी करकरली. ट्रॅक्टर हलेना, कारण वैजनाथ ब्रेकवर उभा. चाकाखालून माती सुटायला लागली. एक ढेकूळ, मग दुसरं.

"बापू, पाया पडतो तुमच्या!"

"न्हाई!"

"अय वैजन्या!" संतरामच्या तोंडून जे निघालं ते अख्ख्या शिवारात गेलं. "सोड की बे गाढवा, मरतूस काय! मढं उचलायला लावतू का माझ्या पोरीला!"

लग्न झाल्यापासून सासऱ्याने त्याला 'तू' म्हटलं नव्हतं. वैजनाथला बसलेला धक्का विंचपेक्षा मोठा असावा. त्याचा पाय आपोआप सुटला. चरखीने हिसका दिला आणि ट्रॅक्टर हातभर मागे आला. जिथे चाक होतं तो काठ सबंध खाली गेला. बॅटरी झटक्याची म्हणून संतराम थांबला, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा थांबला. झटक्या-झटक्याने ट्रॅक्टर सपाटीवर आला.

वैजनाथ उतरला आणि चिखलात बसला. संतरामने त्याला छातीशी धरलं आणि मग आपण काय बोललो ते आठवून कानाच्या पाळ्या पकडल्या. "जावईबापू, चुकलो."

"न्हाई मामा. बराबर बोलले." तो रडत होता. मग आशाबाईंकडे बघून म्हणाला, "मामी, आता चहा घेतो."

चौथ्या वेळी जावयाने चहाला हो म्हटलं. आशाबाईंच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. संतरामने दोर सोडवला आणि विंचची बॅटरी काढून स्कूटीवर ठेवली. भोंगा खोळंबला होता. आशाबाईंनी बाभळीची साखळी सोडून खांद्यावर घेतली. घरी म्हैस मोकळी होती. जावयाला मध्ये घेऊन, स्कूटी ढकलत, सगळे घराकडे निघाले.

जीप उतारावरच होती आणि ब्रेकवर मी.

"आशाबाई," मी शक्य तितक्या सभ्यपणे हाक मारली, "जाता जाता चाकाखाली एखादा धोंडा लावता का?"