चार देश आणि एकवीस मोदक

गिरगावात खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर सरोजिनीचं घर. तिथे दीड दिवसाचा गणपती येतो, तो तिच्या नवऱ्याच्या, शरदचंद्रांच्या आजोबांपासून. गणपती त्यांचा, पण मोदक बेचाळीस वर्षं वळले सरोजिनीने आणि तिच्या धाकट्या बहिणीने. ही इरावती दादरला राहते. लग्न केलं नाही, परळच्या एका इस्पितळातल्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झाली. शरदचंद्रांच्या कुळाशी तिचा काडीचा संबंध नाही. पण ताईला एकटीला दीडशे मोदक वळावे लागतात म्हणून दर चतुर्थीला पहाटे येऊन स्वयंपाकघरात पाटावर बसायची. आरतीला हात पुसत बाहेर आली, की कुणीतरी हमखास म्हणायचं, "इरा, जरा सरक गं, दर्शन घेऊ दे."

त्याच पाटावर दोघींचा प्रवास चालायचा. लहानपणी शाळेच्या नकाशावहीत इरावतीने डॅन्यूब नदीवर बोट फिरवून ठेवलं होतं, ते बोट तिने कधी उचललंच नाही. एका नदीच्या काठाने चार देश! जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी. उकड मळताना ती ही नावं अशी म्हणायची, की ऐकणाऱ्याला वाटावं हिच्या मावश्या तिथे दिल्यात.

"या खेपेला नक्की जायचं, ताई."

आणि दर खेपेला काहीतरी आडवं यायचं. राजसची दहावी, सासूबाईंचं अंथरूण धरणं, राजसचं लग्न, मग करोना. शरदचंद्र माणूस वाईट नाहीत. बायकोवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त वीस वर्षं एकच वाक्य म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. बघू म्हणणाऱ्याचं काय करायचं?

यंदा मात्र जानेवारीतच इरावतीने दोघींच्या जागा पक्क्या केल्या. दहा सप्टेंबरला निघायचं. गणपतीचा हिशेब तिने आधी केला होता. गणपती दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. गेल्या साली ऑगस्टच्या अखेरीस आले, म्हणजे यंदा ऑगस्टच्या मध्यात. मोदक आटपून, हात धुऊन, आरामात विमानात बसायचं. आयुष्यभर लोकांच्या तारखा लावणारी बाई ती, तिचा हिशेब तपासायला गेलंच नाही कुणी.

मे महिन्यात एका सकाळी सून वल्लरी ऑफिसला निघता निघता म्हणाली, "आई, ऑफिसातल्या मैत्रिणी जावयाला अधिकाचं वाण द्यायचं म्हणतायत. यंदा अधिक महिना आहे का हो?"

सरोजिनीच्या हातातलं गाळणं कपावरच राहिलं. अधिक महिना! म्हणजे गणपती अलीकडे नाही, पलीकडे. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं भराभर उलटली. चौदा सप्टेंबर, सोमवार, गणेश चतुर्थी.

तिने इरावतीला फोन लावला. तारीख वाचून दाखवली.

"अधिक विसरले गं मी," इरावती म्हणाली. आणि मग, भाजी संपली असं सांगावं तितक्या सहज, "असू दे ताई. पुढच्या वर्षी जाऊ."

सरोजिनीला राग आला तो इथे. इरा भांडली असती, रडली असती तर तिने समजूत काढली असती. पण नवऱ्याचं वाक्य बहिणीच्या तोंडून आलं, आणि ते आपणच इतक्या वर्षांत तिला शिकवलं हे तिला लख्ख दिसलं. फोन ठेवून तिने कपाट उघडलं. साड्यांखाली तिचा जुना पासपोर्ट होता, मुदत संपलेला, कोपरा कापलेला. दहा वर्षांत त्याच्यावर एक शिक्का नाही. कोरा करकरीत जन्मला आणि तसाच गेला बिचारा. त्याच्याखाली नवा, तोही त्याच वाटेवर. इरावतीचीही हीच जोडी दादरला असणार. तिला तर कुणी धरून ठेवलं नव्हतं. ती ताईसाठी थांबली होती.

रात्रीची पानं वाढताना तिने सांगून टाकलं, "तारीख बदलणार नाही. मी जाणार."

शरदचंद्रांचा घास हातात राहिला. "आणि गणपती?"

"गणपती येतील की. ते काही माझ्या पासपोर्टवर येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. आनंदीबाई वयाने ऐंशीच्या, आवाजाने चाळिशीच्या. "घरात देव बसणार आणि घरची लक्ष्मी विलायतेत? शोभतं का गं?"

"वन्सं, बेचाळीस वर्षं लक्ष्मी गॅसपुढे होती. तेव्हा कुणी शोधायला आलं नाही."

राजसने मधला मार्ग काढला. आजकालच्या पोरांचे सगळे मार्ग मोबाइलमधून जातात. "चिल आई, दादरहून ऑर्डर करू ना मोदक. एकदम मस्त असतात."

"अजिबात नाही!" शरदचंद्र कडाडले. "बाहेरचे मोदक या घरात देवापुढे गेले नाहीत आणि जाणार नाहीत."

सरोजिनी याचीच वाट बघत होती. "लाख बोललात. मग वळायला कधी बसताय?"

"मी? पुरुषांनी मोदक वळायचे?"

"लग्नात तुम्ही बोटं चाटून जेवता, ते आचारी कोण असतात हो?"

स्वतःचा शब्द गिळणं शरदचंद्रांच्या रक्तात नव्हतं. ऑगस्टातले तीन रविवार बाप-लेक ओट्यापाशी उभे राहिले. लालबागहून मोदकाची पिठी आणली. पहिल्या रविवारी उकडीच्या गुठळ्या झाल्या, दुसऱ्या रविवारी शरदचंद्रांची बोटं भाजली, तिसऱ्या रविवारी मोदकासारखं काहीतरी उभं राहिलं आणि दोन मिनिटांनी बसलं. सरोजिनी खुर्ची टाकून सांगत होती. हात एकदाही लावला नाही. लावावासा वाटला, अगदी तळहात शिवशिवले, पण तिने पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं.

दहा तारखेला विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तिच्या पासपोर्टची कोरी पानं उलटत विचारलं, "पहिल्यांदाच जाताय?"

"निघालेय पाचव्यांदा," सरोजिनी म्हणाली. "पोचतेय पहिल्यांदा." त्याने शिक्का मारला. तो आवाज तिला फार आवडला.

जर्मनीत पाऊस लागला, व्हिएन्नात पाय सुजले, आणि दोघी जणी शाळकरी पोरींसारख्या खिदळत राहिल्या. चतुर्थीच्या सकाळी त्या व्हिएन्नाहून बोटीत बसल्या. तासाभराने स्लोव्हाकिया लागणार होता, तिसरा देश. इरावतीने कठड्याजवळची जागा धरली होती. नकाशातली निळी रेघ प्रत्यक्षात करडी निघाली म्हणून ती आधी रुसली, आता मात्र पापणी लववत नव्हती. पुढे एका वळणावर डाव्या हाताला उंच कड्यावर पडका किल्ला दिसू लागला होता. तिथूनच हद्द.

नेमका तेव्हा फोन वाजला. गिरगावात दुपारचे बारा वाजून गेले होते, नैवेद्याची वेळ. पडद्यावर शरदचंद्र दिसले, नाकापर्यंत पीठ. मागे ओट्यावर चिरलेल्या पाऱ्यांचा ढीग, आणि त्यामागे आनंदीबाई. "पंगत खोळंबलीय! चाळीस माणसं! विचार तिला!"

"एकवीस कसेबसे जमले," शरदचंद्र म्हणाले. "बाकीच्यांच्या पाऱ्या चिरतायत. काय करू, सांग ना."

सरोजिनीने तोंड उघडायच्या आत इरावती वळली. बेचाळीस वर्षांची सवय. नदीकडे पाठ करून ती फोनवर वाकली. "भावजी, तेलपाण्याचा हात लावून उकड पुन्हा मळा, आणि ओला रुमाल..."

किल्ला तिच्या पाठीमागून सरकत चालला होता. हद्द येत होती, आणि ही बाई गिरगावातल्या उकडीत डोकं घालून बसली होती. सरोजिनीने बहिणीचे खांदे धरून तिला गर्रकन फिरवलं.

"इरा, तू तिकडे बघ. इकडे अजिबात बघायचं नाही."

मग ती फोनला म्हणाली, "एकवीस झाले ना? देवाला एकवीसच लागतात. पंगतीला केळं वाढा."

"अगं, पण लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शरदचंद्रांनी स्वतःच्या हाताने नैवेद्य केला. या घरात हे पहिल्यांदाच घडतंय, माझा नमस्कार सांगा देवाला."

शरदचंद्रांनी मनगटाने कपाळ पुसलं. आवाज अगदी खाली आला. रागही नव्हता त्यात. "पुढच्या वर्षी तरी घरी असशील ना?"

सरोजिनीने इरावतीकडे पाहिलं. ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती, वाऱ्याने केस विस्कटलेले, ओठ पुटपुटत होते. देशांची नावं म्हणत होती.

"पुढच्या वर्षी बघू," सरोजिनी म्हणाली, आणि तिने फोन पर्समध्ये टाकला.

मग कठड्याशी जाऊन बहिणीला कोपर मारलं. "जरा सरक गं. मलाही दर्शन घेऊ दे."