हिरव्या रंगाखालची पुट्टी

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात हनीफभाईंच्या वर्कशॉपमध्ये उभा असतो. लोखंडाचा दांडा माझ्यात अडकवतात, तो गरगर फिरतो आणि माझं पातं त्याला सोलून गुळगुळीत करतं. तुमच्या शार्पनरचा पणजोबाच समजा.

हनीफभाई रत्नागिरीचे. कोणी आलं की माझ्या पाठीवर हात मारून म्हणतात, "कम्युनिस्टांच्या जमान्यातला माल आहे, हबीबी. आता असं लोखंड मिळत नाय." ते ऐकून मी शरमेनं तापतो. लोकांना वाटतं, एसी बिघडला.

कारण मी कसा जन्मलो ते मला माहीत आहे.

माझा देश पूर्व युरोपातला. आता त्या नावानं नकाशात सापडत नाही. तिथे पक्ष एकच आणि बडा साहेबही एकच. त्याचा फोटो भट्टीवरसुद्धा टांगलेला. देशात किती लेथ बनायचे ते राजधानीत ठरायचं. ते कोणाला हवेत का, हे विचारायचं नाही. कारखान्याचा नियम सोपा होता: गेटबाहेर पडला तो लेथ तयार. चालतो की नाही, ते घेणाऱ्यानं बघायचं.

मला ओतलं तेव्हा महिना संपत आलेला. घाईत साच्यात हवा राहिली आणि माझं पोट आतून पोकळ निघालं. फोरमन म्हणाला, हा वितळवून परत ओतू या. बरोबर बोलला बिचारा. दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी आली, त्याला घेऊन गेली, आणि तो परत काही आला नाही. मग एका रंगारी बाईनं माझ्या पोटात पुट्टी भरून वर हिरवा रंग मारला. फोरमनच्या रिकाम्या जागेकडे बघत बघत तिनं ब्रश फिरवला. तिथला रंग अजून जाडाभरडा आहे.

पुढची गंमत ऐका. बँड वाजवत मला पुढच्या गेटनं बाहेर नेलं, मोजलं, मागच्या गेटनं गुपचूप आत घेतलं आणि नवा नंबर ठोकून परत बाहेर काढलं. म्हणजे माझे वाढदिवस दोन. कारखान्याला बक्षीस मिळालं. मी हसलो असतो, पण फोरमनची टोपी अजून खुंटीवरच होती.

पुढे तो देश बुडाला आणि मी विकला जात जात आखातात आलो.

गेल्या उन्हाळ्यात खोर फक्कानहून ॲल्फ्रेडची ऑर्डर आली. हा वसईचा. हॉटेलच्या पाहुण्यांना, त्यांच्या पोराबाळांना बोटीतून समुद्रात फिरवतो. बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट त्याला नवा हवा होता. काम बघत होता हनीफभाईंचा मेहुणा फिरदोस. या पठ्ठ्यानं भिंतीवर बोर्ड लावलेला: या महिन्याचं टार्गेट. शटरबाहेर गेला तो पीस डन. तो बोर्ड बघून माझ्या गिअरना घाम फुटायचा.

शाफ्ट सोलताना आत पोकळी निघाली. नवा दांडा मागवायचा तर टार्गेट खलास. हनीफभाई नमाजला गेलेले. फिरदोसनं इकडेतिकडे बघितलं, पोकळीत पुट्टी भरली आणि वर चंदेरी स्प्रे मारला. हा शाफ्ट भर समुद्रात तुटला तर बोट पोरांसकट खडकांवर जाणार. आणि मी काय बोलणार? माझ्या पोटात तेच.

हनीफभाई परत आले, शाफ्ट बघून खूश झाले. म्हणाले, जायच्या आधी एकदा फुल स्पीडनं फिरवून बघू, यल्ला, चला. फिरदोस म्हणाला, पिकअप कधीची उभी आहे, राहू द्या. हनीफभाईंनी स्वतःच बटण दाबलं.

शाफ्ट एका बाजूला जड, एका बाजूला हलका. तो फिरला तसा मी धडधडायला लागलो, बोल्ट नाचायला लागले, आणि इतकी वर्षं दडवलेली माझी पुट्टी सुटून फरशीवर पडली. हात जाईल एवढं भोक, सगळ्यांसमोर. वाटलं, आत्ताच्या आत्ता वितळून जावं.

हनीफभाईंनी मशीन बंद केलं, ते ढेकूळ उचललं आणि पोट धरून हसले. "फिरदोस, बघ रे. मी जगभर ह्याची तारीफ करतोय, आणि ह्याच्या पोटात पुट्टी."

फिरदोस हसला नाही. त्याची नजर शाफ्टकडे गेली. तिच्या मागोमाग हनीफभाईंची गेली. हसणं थांबलं. त्यांनी कानस घेऊन चंदेरी रंग खरवडला.

"ॲल्फ्रेडची पोरगी जॅकलीन पण जाते त्या बोटीत," ते एवढंच म्हणाले.

फिरदोसनं मान खाली घातली. मला मान नाही, नाहीतर मीही घातली असती.

नवा दांडा मागवला, ऑर्डर लेट झाली. ॲल्फ्रेडनं फोनवर खूप ऐकवलं. तुमच्यापेक्षा माझी सासू फास्ट, म्हणाला. फिरदोसनं ते सगळं स्पीकरवर ऐकलं आणि नंतर स्टुलावर चढून बोर्ड स्वतः उतरवला. माझं भोक तसंच आहे. नवं गिऱ्हाईक विचारतं, हे काय? फिरदोस म्हणतो, "राहू दे भाई, बुजवायचं नाही ते."

तर मित्रांनो, मशीनं पुसा, त्यांना तेल घाला, हे आहेच. पण आत पोकळ असेल तर वरून रंग मारू नका. आणि कोणी म्हणालं, परत ओतू या, तर त्याचं ऐका. माझ्या वेळी ऐकलं असतं, तर त्या माणसानं खुंटीवरची टोपी घेतली असती आणि संध्याकाळी घरी गेला असता.